देऊळगाव राजाहून एका दिवसात अजिंठ्याचा सप्तकुंड धबधबा : कधी जायचं, कुठून बघायचा आणि कुंडात का उतरायचं नाही?

जुलै उजाडला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो, "रविवारी कुठं जायचं?" पुणे-मुंबईवाल्यांकडे उत्तरांची कमी नाही. लोणावळा, ताम्हिणी, माळशेज आहेच. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखली, जालना या पट्ट्यातल्या पोरांचं मात्र अवघड होतं. कारण इथं आजूबाजूला बघाल तिकडे सपाट काळं रान. सोयाबीन, कपाशी, मका, आणि लांब कुठंतरी एखादी टेकडी. धबधबा असावा असं काही दिसतच नाही.

पण तीनेक तासांच्या अंतरावर एक धबधबा आहे. तोही जगप्रसिद्ध लेण्यांच्या कुशीत. अजिंठ्याचा सप्तकुंड.

इन्स्टाग्रामवर त्याचे रील तुम्ही पाहिले असतील. काळ्या कड्यांचा अर्धगोल, मधोमध टप्प्याटप्प्याने कोसळणारं पाणी आणि वरून सुटलेलं धुकं. मात्र रील बघून जाणाऱ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास घडतात. काही जण पोहोचतात तेव्हा धबधब्याला पाणीच नसतं. आणि काही जण पाणी भरपूर असताना पोहोचतात आणि नको तिथं उतरतात. दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते.

म्हणूनच हा धबधबा आहे कुठं, तो तिथंच का आहे, कधी वाहतो, त्याचं पाणी अचानक का वाढतं आणि एका दिवसात तो नीट कसा बघायचा, हे सगळं सविस्तर समजून घेऊ.

सप्तकुंड नक्की कुठं आहे?

अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ आहेत. वाघूर नदी इथं घोड्याच्या नालेसारखं वळण घेते. त्या वळणाच्या कड्यात एका ओळीत सुमारे ३० लेणी कोरलेली आहेत. कडा साधारण ७६ मीटर म्हणजे अडीचशे फूट उंच आहे.

या नालेच्या आतल्या टोकाला, लेण्यांची रांग संपते त्या बाजूला, वाघूर नदी वरच्या पठारावरून खाली दरीत उतरते. ही उतरण एका उडीत होत नाही. पाणी एका कुंडात पडतं, तिथून पुढच्या कुंडात, तिथून त्याच्या पुढच्या. अशी सात कुंडं, म्हणून सप्तकुंड. इंग्रज काळातल्या वर्णनांत सगळ्यात खालची उडी ७० ते १०० फुटांची असल्याची नोंद सापडते.

लेण्यांच्या बाजूनं बघितलं तर सगळ्या सात उड्या एका नजरेत येत नाहीत. खालचा टप्पा दिसतो, वरचे कड्यामागे लपतात. त्यामुळे "कुठून बघायचा" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊच.

आपल्याकडे धबधबा नाही, मग तिथंच का?

याचं उत्तर अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे. या रांगेचे दोन उतार अगदी वेगळे आहेत. दक्षिणेकडचा, म्हणजे आपल्या बाजूचा उतार हळूहळू उतरत जातो. इतका हळू की गाडीतून जाताना आपण डोंगर चढतोय हे कळतही नाही. उत्तरेकडची बाजू मात्र एकदम तुटलेली आहे. तिथं पठार संपतं आणि खाली तापीच्या खोऱ्याकडे सरळ घाट लागतो.

पाण्याच्या दृष्टीनं बघितलं तर ही रांग म्हणजे घराचं पाखं आहे. मधल्या आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब एकीकडे जातो, पलीकडे पडलेला दुसरीकडे.

देऊळगाव राजा तालुक्यातलं पाणी खडकपूर्णेला मिळतं. संत चोखामेळा यांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा याच तालुक्यात आहे, आणि त्यांच्याच नावानं खडकपूर्णेवरच्या धरणाचा जलाशय संत चोखासागर म्हणून ओळखला जातो. हे पाणी पुढे मराठवाड्यात येलदरी धरणात जातं, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात.

वाघूरचं पाणी याच्या बरोबर उलट जातं. ते उत्तरेला जळगावकडे उतरून तापीला मिळतं आणि सुरतजवळ अरबी समुद्रात पोहोचतं. गंमत म्हणजे खडकपूर्णेचा, म्हणजेच दक्षिणेकडच्या पूर्णेचा उगमही याच अजिंठ्याच्या रांगेत आहे. डोंगर एकच, पण एका उताराचं पाणी पूर्वेच्या समुद्राला आणि दुसऱ्याचं पश्चिमेच्या.

जिथं उतार मंद, तिथं नदी संथ वाहते, गाळ टाकते, शेती पिकवते. जिथं उतार तुटतो, तिथं धबधबा तयार होतो. खडकपूर्णेनं आपल्याला काळी रानं दिली, वाघूरनं अजिंठ्याला धबधबा दिला.

सात कुंडं तयार कशी झाली?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. असे थरावर थर साचत गेले.

हे सगळे थर सारखे कठीण नाहीत. काही एकसंध आणि टणक आहेत, तर काहींमध्ये हवेचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे ते सच्छिद्र आणि तुलनेनं मऊ आहेत. विहीर खणणाऱ्यांना हा फरक चांगला माहीत असतो. काळ्या पाषाणाला सुरुंग लावावा लागतो आणि मांजऱ्या लागला की काम सोपं होतं.

नदी कड्यावरून पडते तेव्हा खालचा मऊ थर आधी झिजतो. वरचा टणक थर मग छज्जासारखा पुढं आलेला राहतो. कधीतरी तो स्वतःच्या वजनानं तुटतो आणि धबधबा थोडा मागं सरकतो. थर अनेक असल्यामुळे पायऱ्याही अनेक बनतात.

पाणी जिथं आदळतं तिथं खड्डा पडतो. पुरासोबत आलेले दगडगोटे त्या खड्ड्यात गरागरा फिरतात आणि जात्यासारखा तळ घासत राहतात. हजारो वर्षांनी त्याचं कुंड होतं. पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. तेही दगडगोट्यांच्या अशाच घासण्यानं बनले आहेत.

आता ही माहिती फक्त भूगोलाच्या पेपरापुरती नाही. यातून तीन गोष्टी कळतात.

एक, धबधब्याच्या वरचा काठ खालून पोकळ असू शकतो. वरून तो भक्कम दिसतो, पण तुम्ही कशावर उभे आहात ते तुम्हाला दिसत नसतं.

दोन, कुंडाचा काठ घासून गुळगुळीत झालेला असतो, त्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं. आत पडलेल्या माणसाला वर यायला हाताची पकडच मिळत नाही. पोहता येणाऱ्यालाही नाही.

तीन, कुंडाची खोली वरून कळत नाही. गढूळ पाण्यात काठापासून एका पावलावर गुडघाभर आणि दुसऱ्या पावलावर डोक्याच्या वर पाणी असू शकतं.

रीलमध्ये दिसतो तसा कधी दिसतो?

सप्तकुंड बारमाही नाही. उन्हाळ्यात गेलात तर कोरडा काळा कडा आणि कुंडात साचलेलं हिरवट पाणी दिसेल.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला तरी धबधबा लगेच वाहत नाही. तापलेली, भेगाळलेली जमीन आधी पाणी पिते. दोन-चार चांगले पाऊस होऊन वरचं पठार भिजलं की मग नाले वाहायला लागतात. त्यामुळे साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंतचा काळ योग्य. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डोंगर पूर्ण हिरवे असतात आणि पाण्यात सातत्यही जास्त असतं.

तरीही मध्ये आठ-पंधरा दिवसांचा खंड पडला की धार बारीक होते. तुम्ही पाहिलेला रील कदाचित जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशीचा असतो. पाऊस थांबून काही तास झालेत, पाणी भरपूर आहे पण लोंढा ओसरलाय, अशी ती वेळ. बघायला सगळ्यात चांगली वेळ तीच. पाऊस चालू असताना तिथं असणं ही सगळ्यात वाईट वेळ.

पाणी अचानक वाढतं म्हणजे नेमकं काय होतं?

धबधब्यावरच्या अपघातांच्या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असतं, "अचानक पाणी वाढलं." हे अचानक म्हणजे काय ते एका साध्या हिशोबानं समजून घेऊ.

एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी १० लाख लिटर होतं. समजा वर पठारावर एका तासात २० मिलिमीटर पाऊस झाला. पावसाळ्यातली एखादी जोराची सर सहज एवढी देते. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर २ कोटी लिटर पाणी. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर १० हजार लिटरचा धरला, तर हे २ हजार टँकर झाले. फक्त एका चौरस किलोमीटरचे आणि फक्त एका तासाचे.

जमीन आधीच भिजलेली असेल तर ती यातलं फारसं काही पीत नाही. खाली पाषाण, वर मातीचा पातळ थर. पाणी थेट नाल्यात येतं, सगळे नाले नदीत आणि नदी दरीच्या एका अरुंद तोंडातून खाली. एवढं सगळं पाणी एकाच ठिकाणाहून जायला लागलं की मिनिटांत पातळी वाढते.

यातला सगळ्यात फसवा भाग असा, की तुमच्या डोक्यावर पाऊस असायलाच हवा असं नाही. तुम्ही खाली दरीत ऊन खात असता आणि पाच-सात किलोमीटर मागं, कड्यामुळे न दिसणाऱ्या पठारावर सर कोसळत असते. दरीत उभ्या असलेल्या माणसाला आभाळाचा एक तुकडाच दिसतो. त्या तुकड्यावरून धबधब्याचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरी फसवी गोष्ट वेगाची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या सूचनांमध्ये सांगितलंय की वेगानं वाहणारं अर्धा फूट खोल पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडू शकतं. अर्धा फूट म्हणजे जेमतेम घोट्याच्या वर.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात काय झालं ते बहुतेकांच्या लक्षात असेल. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातलं एक कुटुंब प्रवाहात मध्यभागी एका खडकावर उभं होतं. पाणी वाढलं. सगळे एकमेकांना घट्ट धरून उभे राहिले. काठावर लोक होते, पण कुणाला काही करता आलं नाही. त्या कुटुंबातले पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ देशभर फिरला.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १६ जुलै २०२४ ला, रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर मुंबईची एक तरुण कंटेंट क्रिएटर व्हिडिओ करताना दरीत पडली. दरी सुमारे ३०० फूट खोल होती. बचाव पथकानं कित्येक तास झटून तिला वर काढलं, पण ती वाचली नाही.

आणि सप्तकुंडही याला अपवाद नाही. जुलै २०२३ मध्ये इथं सेल्फी घेताना एक तरुण कुंडात पडला होता. त्याला पोहता येत होतं आणि दोर टाकून वर काढणारे लोक वेळेत पोहोचले, म्हणून तो वाचला.

या तिन्ही ठिकाणी माणसं काही वेडं धाडस करायला गेली नव्हती. ती आपल्यासारखीच एका दिवसाच्या सहलीला गेली होती.

पाणी वाढण्याआधी काही खुणा दिसतात का?

दिसतात. प्रत्येक वेळी दिसतीलच याची खात्री नाही, पण दिसल्या तर क्षणभरही थांबू नका.

- स्वच्छ पाणी अचानक गढूळ, मातकट व्हायला लागतं.
- पाण्यासोबत पाला, काड्या, फेस वाहून यायला लागतो.
- धबधब्याचा आवाज बदलतो, जास्त जड आणि खोल होतो.
- मघाशी उघडा असलेला एखादा दगड आता पाण्याखाली गेलेला दिसतो.
- वरच्या पठाराच्या दिशेला काळे ढग किंवा विजा दिसतात.

यातलं काहीही दिसलं तर बॅगा, चपला सोडा आणि बाजूच्या उंच जागी चढा. प्रवाहाच्या दिशेनं पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगानं पळतं. आणि पलीकडच्या काठावर अडकला असाल तर प्रवाह ओलांडायच्या भानगडीत पडू नका. तिथंच उंचावर थांबून मदत मागवा. डोंगरी नाल्याचं पाणी जसं वेगानं चढतं, तसं पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतंही.

अंदाज बघायचा, पण कुठला?

इथं आपल्या भागातले लोक हमखास गल्लत करतात. निघण्याआधी मोबाइलवर बुलढाण्याचा अंदाज बघतात. धबधबा मात्र छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे.

हा फरक नावापुरता नाही. हवामान खात्याच्या हिशेबात बुलढाणा विदर्भात येतो आणि विदर्भाचे अंदाज नागपूरच्या प्रादेशिक केंद्राकडून येतात. छत्रपती संभाजीनगर मराठवाड्यात येतो आणि त्याचे अंदाज मुंबईच्या केंद्राकडून. त्यामुळे बुलढाण्याला हिरवा रंग आणि शेजारच्या जिल्ह्याला नारंगी असं होऊ शकतं.

तर बघायचं ते असं :

- आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांचा इशारा बघा. लेणी दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेजवळ आहेत.
- हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे थेट कृतीची वेळ. नारंगी किंवा लाल असेल तर सहल पुढं ढकला.
- सकाळी निघताना आणि पोहोचल्यावर पुन्हा हवामान खात्याचा तात्कालिक अंदाज बघा. तो पुढच्या तीन तासांसाठी असतो.
- विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आहे. ते तुमच्या परिसरात वीज पडण्याची शक्यता सांगतं. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत ॲपही फोनमध्ये असू द्या.

एक लक्षात ठेवा. हवामान खातं "मुसळधार" म्हणतं तेव्हा ते २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वरच्या पावसाबद्दल बोलत असतं. एका तासात पडलेला २०-३० मिलिमीटरचा स्थानिक पाऊस यात बसत नाही, पण धबधब्याला तेवढा पुरतो. म्हणून इशारा नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

देऊळगाव राजाहून जायचं कसं?

जवळचा रस्ता जाफराबाद, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा गाव आणि घाट उतरून फर्दापूर असा. अंतर साधारण ११० किलोमीटर. दुसरा रस्ता चिखली, बुलढाणा, अजिंठा असा आहे, तो थोडा लांब पडतो. पावसाळ्यात रस्त्यांची अवस्था बघता तीन तास धरून चला.

भोकरदनला तुम्ही केळना नदी ओलांडता. या पट्ट्यातच असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इथं शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्लीची इंग्रज फौज यांच्यात मोठी लढाई झाली होती. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

एसटीनं जायचं असेल तर सिल्लोड गाठा. तिथून जळगावकडे जाणाऱ्या गाड्या फर्दापूरवरून जातात. एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे.

खासगी गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावायची आणि तिथून एसटीच्या बसनं साधारण चार किलोमीटर जायचं. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत. बसचं आणि टी पॉइंटवरच्या सुविधांचं तिकीट वेगळं.

सगळ्यात महत्त्वाचं, सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवारी बंद असतात ती वेरूळची. हा घोळ दरवर्षी अनेकांचा होतो.

दिवसाचा साधा आराखडा असा ठेवता येईल :

- सकाळी ६ : देऊळगाव राजाहून निघा.
- सकाळी ९ ते साडेनऊ : टी पॉइंट. लेणी ९ वाजता उघडतात.
- सकाळी १० ते दुपारी १ : आधी धबधब्याच्या बाजूचं टोक गाठा, मग लेणी बघत परत या. विजांचा कडकडाट करणारा पाऊस बहुतेकदा दुपारनंतर येतो, म्हणून धबधबा सकाळी उरका.
- दुपारी २ : जेवण.
- दुपारी ३ ते साडेतीन : परतीला लागा. घाट उजेडात चढून झालेला बरा.

रविवार आणि १५ ऑगस्ट टाळता आला तर टाळा. गर्दीत बससाठीच तास जातो.

धबधबा कुठून बघायचा?

पहिली जागा लेण्यांच्या वाटेवरून. २६ क्रमांकाच्या लेण्यापर्यंत गेलात की धबधब्याचा खालचा भाग दिसतो. इथं पक्की वाट आहे, कठडे आहेत, आजूबाजूला कर्मचारी असतात. घरातली वडीलधारी मंडळी आणि लहान मुलं सोबत असतील तर हीच जागा योग्य.

दुसरी जागा नदीच्या पलीकडून. पुलावरून पलीकडे गेलं की लेण्यांची अख्खी कमान समोर येते. नदीला पाणी जास्त असेल आणि वाट बंद केली असेल तर वाद घालू नका.

तिसरी जागा वरचा व्ह्यू पॉइंट. अजिंठा गावाकडून येताना घाट उतरण्याआधी एक फाटा तिकडे जातो. इथून दरी, नालेचं वळण आणि लेणी एकत्र दिसतात. फोटो इथूनच सगळ्यात चांगले येतात आणि त्यासाठी कठड्याच्या बाहेर पाऊलही टाकावं लागत नाही.

वरच्या पठारावर लेणापूरच्या बाजूनं थेट कुंडांपर्यंत जाणारे लोकही आहेत. ही वाट टाळा. कुंडांचे काठ, शेवाळ आणि मागून येणारं पाणी हे तिन्ही धोके तिथं एकत्र आहेत, आणि काही झालं तर मदत पोहोचायला सगळ्यात जास्त वेळ तिथंच लागतो.

जिल्हा प्रशासन गरज पडेल तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली धोकादायक ठिकाणी बंदीचे आदेश काढू शकतं. असा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो. जाण्याआधी तसा काही आदेश लागू आहे का, ते स्थानिक बातम्यांमध्ये एकदा बघून घ्या.

इथवर जाताय तर लेणी का बघायची?

कारण ही लेणी आणि पावसाळा यांचं नातं जुनं आहे. बौद्ध भिक्खूंनी वर्षभर फिरत राहायचं आणि पावसाळ्यात मात्र एका जागी मुक्काम करायचा, असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. त्या मुक्कामासाठी असे विहार लागायचे. जवळ पाणी, वर्दळीपासून दूर, तरी व्यापारी मार्गापासून फार लांब नाही, अशी ही जागा होती. प्रत्येक लेण्यातून नदीत उतरायला पूर्वी स्वतंत्र पायऱ्या होत्या. आज आपण ज्या सलग वाटेनं फिरतो ती खूप नंतरची आहे.

सगळ्यात जुनी लेणी इसवी सनाच्या आधी दुसऱ्या-पहिल्या शतकातली, तर बहुतेक लेणी पाचव्या शतकातली. यात विदर्भाचा संबंध थेट आहे. १६ क्रमांकाचं लेणं वराहदेवानं करवून घेतलं, असं तिथला शिलालेख सांगतो. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम.

२८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी ही लेणी दिसली आणि त्यानं १० क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. १९८३ मध्ये युनेस्कोनं अजिंठ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

वेळ कमी असेल तर १, २, १६, १७, १९ आणि २६ एवढी तरी बघा. आत फ्लॅश मारू नका आणि ओले कपडे, ओल्या छत्र्या घेऊन भिंतींना टेकू नका. दमटपणा हा दीड हजार वर्षांच्या चित्रांचा मोठा शत्रू आहे. बाहेर माकडं हातातल्या पिशव्या ओढतात, त्यांना खायला घालू नका.

पाऊसच नसेल तर?

मग अजिंठ्याचा बेत पुढं ढकला आणि लोणारला जा. देऊळगाव राजाहून साधारण साठ-सत्तर किलोमीटर.

लोणारच्या विवराच्या काठावर गोमुखाजवळ एक धार पडते. सप्तकुंडासमोर ती अगदी लहान आहे. पण सप्तकुंड कोरडा असतो तेव्हाही ही वाहत असते. कारण हे पाणी झऱ्याचं आहे. पाऊस जमिनीत मुरतो, खडकातल्या भेगांतून सावकाश सरकतो आणि विवराची भिंत जिथं तो थर कापते तिथून बाहेर येतो. सप्तकुंड कालचा पाऊस दाखवतो, लोणारची धार गेल्या काही पावसाळ्यांचं साठवलेलं पाणी देते.

सोबत १.८ किलोमीटर व्यासाचं उल्कापाती विवर, खाऱ्या पाण्याचं सरोवर आणि दैत्यसुदन मंदिर. जून २०२० मध्ये गुलाबी झालेलं सरोवर हेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

काही झालंच तर?

- ११२ : पोलिस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यासाठी एकच नंबर.
- १०८ : रुग्णवाहिका.
- १०७७ : जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष.

दरीत रेंज जाते. म्हणून कुठं चाललोय आणि किती वाजता परत येणार, हे घरी एकाला तरी सांगून निघा.

कुणी पाण्यात पडलं तर त्याच्यामागे उडी मारू नका. वाचवायला गेलेलाच बुडाल्याच्या घटना दर पावसाळ्यात होतात. काठावर पालथं पडून काठी, ओढणी, दोर, पट्टा, जे हाताला येईल ते पुढं करा. रिकामी बंद बाटली किंवा कॅन टाकला तरी तरंगायला आधार मिळतो. म्हणूनच गाडीत वीस-पंचवीस फुटांचा दोर टाकून ठेवा. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी तो असतोच.

आणि निघण्याआधी ग्रुपवर एकच गोष्ट ठरवून घ्या. धबधबा बघायचा, पाण्यात उतरायचं नाही. तिथं पोहोचल्यावर पाणी समोर असतं, मित्र आग्रह करत असतात आणि फोनचा कॅमेरा चालू असतो. त्या वेळी ठरवायला गेलं तर उत्तर बहुतेकदा चुकतं. घरून निघतानाच ठरलेलं असलं की तिथं कुणाला घाबरट ठरावं लागत नाही.